पंखातला काळा धागा

मुलीनं मला दुकानातल्या काट्यावर उभं केलं आणि आकडा पाहून म्हणाली, "आई, डब्बा घेऊन काहून चढली? खाली ठेव."

"डब्बा काय इथंच राह्यणार हाये? त्याचं वजन लागनच ना."

"त्याचं वेगळं करू. उतर खाली."

या काट्यावर मी पन्नास वर्षं कापूस तोलला, पण स्वतः कधी चढले नव्हते. माझे एक्कावन्न किलो, डब्याचे दोन. तिनं दोन्ही आकडे वहीत लिहिले, त्यात स्वतःचं आणि पेट्रोलचं वजन मिळवलं आणि बेरीज दोनदा तपासली. "बसते," म्हणाली. म्हणजे आम्ही दोघी, कोथिंबिरीच्या सांबारवड्यांचा डबा आणि पेट्रोल, एवढं घेऊन आमचं विमान अमरावतीहून अकोल्याला जाईल. विमान तिनं स्वतःच्या हातानं बनवलेलं. त्याच्या पंखांवरचं कापड मी शिवलेलं.

चौथी शिकलेल्या बाईनं विमान शिवलं असं सांगितलं की लोक हसतात. हसून झालं की विचारतात, खरंच काय? म्हणून नीट लिहून ठेवते.

आमचं अमरावतीत गाद्यांचं दुकान. नवरा लवकर गेला. मागे राहिलं दुकान, मुलगी आणि कापूस पिंजायला येणारे चाचा. चाचांचं घर पिढ्यान्‌पिढ्या पिंजणाऱ्यांचं. त्यांनीच मला गादी शिवायला शिकवलं. खोळीत कापूस भरायचा, काठीनं झोडून सारखा करायचा, मग वीतभर लांब दाभणानं गादीच्या आरपार टाका घालायचा आणि ओढून गाठ मारायची. गाठ सैल राहिली तर सहा महिन्यांत कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो आणि गिऱ्हाईक दारात येऊन शिव्या देतं. चाचा माझी गाठ बोटानं ओढून पाहायचे. सुटली की म्हणायचे, "फिर से." असं सहा महिने "फिर से" ऐकलं. सातव्या महिन्यात सुटली नाही.

चाचांची एक पद्धत होती. गादी पुरी झाली की पायथ्याच्या कोपऱ्यात, दिसणार नाही असा, काळ्या सुती धाग्याचा एक टाका घालायचे. झोपणाऱ्याला नजर लागू नये म्हणून. मी कधी का विचारलं नाही. हाताला सवय लागली. आमच्या दुकानातून काळ्या टाक्याशिवाय एकही गादी गेली नाही.

मुलगी तंत्रनिकेतनात शिकवते, यंत्रांचं. लग्न केलं नाही. त्यावर बोलणाऱ्यांनी पंधरा-वीस वर्षं बोलून घेतलं, आता दमले. चाळिशी ओलांडल्यावर तिनं परदेशातून नकाशे मागवले आणि दुकानामागच्या गोदामात, जिथं चाचांचं पिंजायचं यंत्र होतं तिथं, विमान बांधायला घेतलं. सात वर्षं लागली. पंखाच्या लाकडी फळ्या तिनं कापल्या, चिकटवल्या, घासल्या. एकेक खिळा कोणत्या दिवशी कुठं बसवला ते ती एका जाड वहीत लिहायची. शेजारीण भिंतीवरून डोकावून विचारायची, "काय वं, पोरगी पलंग बनवून राह्यली काय?" मी म्हणायची, "हो, उडता पलंग."

तिला हे सगळं शिकवणारा अकोल्याचा तिचा मित्र. फौजेत विमानं दुरुस्त करण्यात त्याची सारी नोकरी सरली. आता पासष्टीचा आहे आणि अकोल्याच्या विमानतळावर त्याची एक शेड आहे. तिला हे लोक हँगर म्हणतात. तो महिन्यातून एकदा रेल्वेनं यायचा, प्रत्येक सांधा ठोकून पाहायचा आणि न आवडलेलं तिच्यासमोर तोडून टाकायचा. माणूस कडक, पण खोटं बोलत नाही. मला तो आवडायचा.

मग कापडाची वेळ आली. पंखाचा सांगाडा लाकडाचा, वरून कापड चढवायचं, गरम इस्त्री फिरवली की ते आक्रसून ढोलकीसारखं ताणलं जातं. पण वर उडताना हवा ते कापड सांगाड्यापासून ओढते. म्हणून प्रत्येक फळीवर, वरच्या कापडातून खालच्या कापडात, आरपार टाके घालून गाठी मारायच्या. मुलीनं एका नमुन्याच्या चौकटीवर करून दाखवलं. मित्रानं बोट घातलं, गाठ सरकली. दुसरी सरकली. त्यानं चौकट बाजूला सारली.

मी चहा घेऊन उभी होते. पुस्तकातलं चित्र पाहिलं. दोरा कुठून येतो, कुठं वळतो, कुठून परत जातो. चाचांच्या गाठीचीच बहीण होती ती. मी कप खाली ठेवले आणि म्हटलं, "द्या इकडे. हे माह्यं काम हाये."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "काकू, हे गादी नाई हाये. गादी उसवली त माणूस खाटीवर पडते. हे उसवलं त कुठं पडन?"

"म्या शिवलेली उसवत नाई."

"गादीवालीनं शिवलेल्या विमानात मी त बसणार नाई बापा." आणि मुलीला म्हणाला, "हे बाहेरून करून आण."

त्या दिवशी जेवताना मुलगी ताटाकडे पाहत होती. मग एकदम म्हणाली, "आई, तू करशील?"

"करतो," मी म्हटलं.

एक हिवाळा लागला. मी एका बाजूनं दाभण सारायची, ती दुसऱ्या बाजूनं घेऊन परत द्यायची. टाक्यांवरून कापडाची पट्टी चिकटली, वर रंगाचे थर चढले आणि माझी एकही गाठ दिसेनाशी झाली. पंख मेटॅडोरवर लादून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर गेले. साहेब लोक आले, तपासलं, कागद झाले, विमान वर्षभर उडलं. अकोल्याचा मित्र मात्र त्या दिवसानंतर गोदामात आला नाही. फोनवर इंजिनाचं बोलायचा, पंखांचं नाव काढायचा नाही.

यंदा तूर कापणीला आली त्या सुमारास त्याचा फोन आला. एकदा आणून दाखव म्हणाला. मुलगी एकटीच निघाली होती. मी म्हटलं, "मी बी येतो. शिवलं म्या, त काय ऐकायचं ते मीच ऐकीन."

मला एवढंच पाहिजे होतं: तो माणूस त्या विमानात बसला पाहिजे. बाकी कोणी काय म्हटलं त्याचं मला काही नव्हतं. पण त्याला यातलं कळत होतं. आणि ज्याला कळतं त्यानंच माझं काम न पाहता बाजूला केलं होतं.

विमान लहान आहे. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, डोक्यावर पंख. आत शिरताना लुगडं वर खोचावं लागतं. मुलीनं पट्टा बांधला, पदरावरून कानाला ते बोलण्याचं यंत्र लावलं आणि विचारलं, "भेव वाटून राह्यलं काय?"

"तू चालव. माह्याकडे पाहू नको."

इंजिन सुरू झालं तेव्हा जुनं पिंजण आठवलं, तशीच थरथर पायातून वर येते. पळालं, पळालं, आणि थरथर एकदम बंद झाली. खाली पाहिलं तर जमीन नव्हती. पोटात काही झालं नाही. होईल असं सगळे म्हणाले होते.

वरून अमरावती काही खास दिसत नाही. सगळी पत्र्याची छपरं. पण बडनेऱ्याच्या पुढं जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग दिसले, पांढरेशुभ्र, आणि मी मनातल्या मनात त्यांच्या गाद्या मोजायला लागले. डाव्या हाताला रेल्वेचा रूळ आमच्याबरोबर येत होता. खारपाणपट्ट्यात, तिथल्या खाऱ्या पाण्याच्या जमिनीत, हरभरा हिरवागार उभा होता. उजवीकडे लांब मेळघाटाचे डोंगर धुरकट. मूर्तिजापूर आलं आणि गेलं. एवढ्या वेळात एसटीत माझी सुपारीसुद्धा कातरून होत नाही.

पण खरं सांगायचं तर मी जास्त वेळ वर पाहत होते, पंखाच्या खालच्या बाजूला. फळीफळीवरून पट्ट्या गेलेल्या, आणि त्याखाली माझे टाके. मूर्तिजापूरच्या पुढं हवेनं दोन-तीनदा गचके दिले. पंख जरासा लवला आणि सरळ झाला. कापडावर सुरकुतीसुद्धा आली नाही. मी पुन्हा खाली पाहायला लागले.

अकोल्याला उतरलो तर तो हँगरच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा.

"या काकू. जित्या पोहोचल्या म्हणजे."

"टाके धरून आलो," मी म्हटलं.

हँगर म्हणजे उंच पत्र्याची शेड. आत त्याचं स्वतःचं विमान, सहा वर्षांपासून अर्धवट. सांगाडा पूर्ण, पंख उघडे, लाकडी फळ्या मोकळ्या. कोपऱ्यात लोखंडी खाट आणि तिच्यावर गादी. मी गादीवर हात दाबला. मधे खड्डा, कडेला गोळे.

"हे कोणं भरली?"

"बाजारातून आणली. का बरं?"

"टाकेच नाई हायेत इच्यात. तरी तुमी झोपता. गादीवालीचं भेव त तुमाले इथं वाटाले पाह्यजे."

मुलीनं मला कोपरानं ढोसलं. तो मात्र गालात हसला. मग हात धुतले, बोटातली अंगठी काढून खिशात टाकली आणि आमच्या विमानाच्या पंखाखाली शिडी लावली.

तो डोळ्यांनी पाहत नव्हता. अंगठ्यानं पाहत होता. प्रत्येक फळीवरच्या पट्टीवरून अंगठा हळूहळू पुढून मागे. पट्टीखाली गाठीचा बारीक उंचवटा लागतो, तो मोजत चालला होता. डावा पंख वरून, मग खालून. चाचा असेच गाठी पाहायचे. मी खाटेवर बसून होते. मुलगी उभीच.

उजव्या पंखाच्या टोकाकडून दुसऱ्या फळीवर, मागच्या कडेजवळ, अंगठा थांबला. मागे गेला. पुन्हा पुढं आला.

"इथं एक जास्तीचा हाये."

"नाई," मुलगी म्हणाली, "नकाशात जेवढे तेवढेच घातले. वहीत लिहिलं हाये."

तेव्हा मला आठवलं. खोटं कशाला सांगू, तोपर्यंत आठवलंही नव्हतं. शेवटच्या दिवशी मुलगी चहा टाकायला गेली होती, काम संपलं होतं, आणि हात सवयीनं काळ्या धाग्याकडे गेला होता.

"तो माहा हाये," मी म्हटलं. "काळा धागा. नजरेचा."

मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला ते पाहणं आवडलं नाही. "सात वर्षं मी एकेक खिळा लिहून ठेवला," ती हळू आवाजात म्हणाली, "अन तू मले न सांगता विमानात धागा घातला?"

"हो."

"काहून?"

"सवय. गादी पुरी झाली की घालतो."

मी तोच शब्द वापरला होता. गादी. मित्र शिडीवरून ऐकत होता. तो काही टोमणा मारेल म्हणून मी थांबले, पण त्यानं फक्त विचारलं, "सुती?"

"सुतीच."

"सुती धागा पाणी ओढते. ते पाणी आत लाकडात जाते. लाकूड सडलं त फळी गेली." तो खाली उतरला. "हे उघडून पाह्यल्याशिवाय विमान इथून हलणार नाई. फळी खराब निघाली त पंखाचं सारं कापड फाडा लागन."

सारं कापड म्हणजे सारा हिवाळा. आणि आता माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे.

"उघडा," मी म्हटलं. "उघडालेच पाह्यजे. चूक माही हाये."

त्यानं इस्त्री तापवली, पट्टीवर टेकवली, गोंद नरम झाला तशी एका हातभर लांबीची पट्टी हळूच सोलून काढली. पहिल्यांदा काळा टाका दिसला, मधेच, आगंतुक पाहुण्यासारखा. त्यानं तो कापून ओढून घेतला, टोच्यानं आतली फळी दाबून पाहिली. एकदा, दोनदा, बाजूला. टोच्या आत गेला नाही.

"कोरडी हाये," तो म्हणाला.

मला वाटलं झालं, आता तो पट्टी लावेल. पण तो वाकलेलाच राहिला. पट्टी सोलल्यामुळे काळ्या टाक्याच्या दोन्ही बाजूंच्या माझ्या गाठी उघड्या पडल्या होत्या. त्यानं टेबलावरून भिंग आणलं. मग लोखंडी पट्टी आणली आणि दोन गाठींमधलं अंतर मोजलं. पुढचं मोजलं. त्याच्या पुढचं. मग आकडी आणून एका गाठीत घातली आणि ओढली. मग जोरात ओढली.

सुटली नाही.

"मापून घातले काय?" माझ्याकडे न पाहता त्यानं विचारलं.

"तीन बोटं अन अर्ध नख."

"सारे?"

"मग काय, चार मापून अन बाकीचे अंदाजे घालू?"

त्यानं भिंग मुलीच्या हातात दिलं. "पाह्य," म्हणाला. "तुह्या आईच्या गाठी पाह्य. हे पट्टीखाली झाकेल होतं. मले दिसलंच नसतं."

त्यावर मी इथं एक लिहून ठेवते. काळ्या धाग्यामुळे त्याला माझं काम दिसलं म्हणून तो धागा घातला ते बरं केलं, असं मी म्हणणार नाही. ती चूक होती. विमानात विचारल्याशिवाय काही घालायचं नसतं. पण चुकीच्या दोन्ही बाजूंना जे होतं ते माझं होतं, आणि ते चांगलं होतं. ते मला आधीपासून माहीत होतं.

भोकं बुजवली, नवी पट्टी चिकटवली, रंगाचा पहिला हात मारला. वाळेपर्यंत आम्ही सांबारवड्या खाल्ल्या. त्यानं सहा खाल्ल्या. मग हात पुसून म्हणाला, "काकू, एक गाठ मारून दाखवा. हळू."

त्याच्या उघड्या पंखावर कापडाचा तुकडा धरून मी गाठ मारली. त्यानं करून पाहिली. मी बोटानं ओढली, सुटली.

"फिर से," मी म्हटलं.

त्यानं पाच वेळा केली. पाचही सुटल्या. मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती, सकाळपासून पहिल्यांदा.

रंगाचा दुसरा हात वाळला तेव्हा दुपार कलली होती. अंधाराच्या आत आम्हाला अमरावतीला पोहोचायचं होतं. तो पंखाला हात लावून उभा राहिला आणि मुलीला म्हणाला, "दुरुस्ती झाली की उडवून पाह्याले पाह्यजे. चाल, एक चक्कर मारू."

"कोण?" मुलीनं विचारलं.

"तू अन मी."

मी खाटेवरून उठले नाही. तो माझ्या खुर्चीत शिरायला लागला, त्याचे गुडघे काही मावेनात. मुलीनं विचारलं, "वजन किती तुमचं?"

"पंच्याऐंशी."

"खिशातलं सारं काढा. अन तो डब्बा खाली ठेवा." डब्यात दोन वड्या उरल्या होत्या, त्या तो बरोबर घेऊन चालला होता.

विमान पळालं आणि वर उठलं. मी हँगरच्या बाहेर येऊन, कपाळावर हात धरून उभी राहिले. डाव्या डोळ्यानं चांगलं दिसतं. त्यांनी विमानतळाभोवती मोठी चक्कर घेतली, एकदा माझ्या डोक्यावरून गेले. खालून पंख पाहिले. उन्हात कापडातून फळ्यांच्या रेघा दिसत होत्या, आणि मला माहीत होतं प्रत्येक रेघेवर काय आहे. पन्नास वर्षं मी लोकांना खाली निजवण्यासाठी टाके घातले. हे दोघं माझ्या टाक्यांवर वर गेले होते. माझी छाती भरून आली, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

उतरल्यावर त्याला बाहेर निघायला वेळ लागला. गुडघे चोळत उभा राहिला.

"बसले ना?" मी विचारलं.

"बसलो."

"मग? पडले काय?"

"नाई पडलो, माय." आणि मग जोरात हसला. "म्या तवा बोललो ते वापस घेतलं. लिहून देऊ काय?"

"लिहू नका. तुमचे पंख उघडे पडेल हायेत सहा वर्षांपासून, त्याचं बोला."

तो आम्हाला आत घेऊन गेला. मग त्याच्या विमानाचा मोठा नकाशा आणून टेबलावर पसरला. "कधी याल?"

"डोळ्याचं आपरेशन झालं की."

मुलगी घड्याळ दाखवत होती. मी निघाले, तर त्यानं थांबवलं. टेबलावरून मघाचा काळा धागा उचलला, बोटात धरून पाहिला आणि नकाशावर उजव्या पंखाच्या टोकाकडून दुसऱ्या फळीवर पेन्सिलनं एक टिंब काढलं. बाजूला लिहिलं: काळा टाका, एक.

"सुती नाई," तो म्हणाला. "पंखाच्याच दोऱ्याले काळा रंग देऊन घालाचा. अन लिहेल हाये, त चालते."

मी टिंब पाहिलं. जागा बरोबर होती.